तांबरमचे गच्चीकाका

पुण्यात हल्ली नवी ओळख झाली की पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा ‘दीक्षित की दिवेकर?’ दिवसातून दोनदाच जेवणारे, तेही पंचावन्न मिनिटांत आटपणारे एकीकडे. दर दोन तासांनी डबा उघडणारे दुसरीकडे. मी दोन्ही संप्रदायांतून भ्रष्ट झालेला. त्याच अवस्थेत चेन्नईजवळ तांबरमला काकांकडे गेलो.

परप्रांतात रमलेला निवृत्त मराठी माणूस एकतर मंडळाचा खजिनदार होतो, नाहीतर गच्चीवरचा योगगुरू. काका हवाई दलातले. निवृत्त झाल्यावर तांबरमच्या तळाजवळच घर बांधलं आणि आयुष्यभर विमानांच्या घरघरीवर चढवलेला आवाज घरच्यांवर चढवू लागले. पहाटे साडेपाचला गच्चीवर सतरंज्या पडतात. काकू, मुलगा, तमिळ सून, सहा वर्षांचा नातू, आणि खुर्चीत बसून नुसते हात हलवणाऱ्या पंचाऐंशीच्या आजी. घड्याळ नाही. खाली पोंगलचा कुकर लावलेला असतो. उजव्या पायावरचं वृक्षासन पहिल्या शिट्टीपर्यंत, डाव्यावरचं दुसऱ्या. मी गेलो त्या दिवशी पहिल्या शिट्टीनंतर गॅस संपला आणि अख्खं कुटुंब बगळ्यांच्या थव्यासारखं डाव्या पायावर ताटकळत राहिलं. शेवटी आजीच म्हणाल्या, “अगं, सिलिंडर बघा कुणीतरी!”

आसन सोडायची आज्ञा तमिळमध्ये सुटते, “पोदुम्!” म्हणजे पुरे. हा शब्द काका गच्चीवरच वापरतात. खाली पानावर बसल्यावर तूप वाढणाऱ्या सुनेला तो कधी ऐकू आलेला नाही.

कठड्यावर बोर्नव्हिटाचा एक रिकामा डबा असतो. गच्चीत कुणी कुणाच्या पोटाविषयी, जाडीविषयी बोललं की दहा रुपये दंड. वसुली अधिकारी नातू. डबा भरला की सगळ्यांना जांगिरी. मला हे ठाऊक नव्हतं. मी आपलं पुणेरी सौजन्य म्हणून म्हटलं, “काकू, बारीक झालात हो!” डबा माझ्या नाकासमोर खुळखुळला.

“अरे, पण हे कौतुक होतं!”

“कौतुकालाही दहाच,” काका म्हणाले. “आज बारीक झाली म्हटलंस, म्हणजे काल काय होती?”

काकूंनी शवासनातच एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं नोट काढली.

मग व्याख्यान झालं, तेही पवनमुक्तासनात. “तुमचे योगाचार्य अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले, ते आमच्या इकडचंच शिकून.”

“इकडचं म्हणजे म्हैसूरचं, काका.”

“तेच ते! त्यांचे गुरू कृष्णमाचार्य पुढे मद्रासलाच आले ना? शंभर वर्षं जगले. त्यांच्या मुलानं, देशिकाचारांनी, १९७६ साली इथं योग मंदिरम काढलं. शिकवण काय, तर माणसाच्या मापानं आसन बेतायचं. आसनाच्या मापानं माणूस कातरायचा नाही. आमच्या आजींना खुर्ची, नातवाला उड्या.” मग हात लांबवून त्यांनी रेल्वेलाइनच्या दिशेला बोट केलं. “आणि ते सॅनेटोरियम स्टेशन बघितलंस येताना? १९२८ पासूनचं क्षयाचं इस्पितळ आहे तिथं. या गावात वजन वाढलं की लोक देवापुढं साखर ठेवत. आणि तू वजन कमी करायला इथं आलास!”

यावर काय बोलणार? पोंगलावर तूप घेतलं. दोनदा.

घरात वजनाचा काटा मात्र आहे, माळ्यावर. पुण्याचं विमान असलं की खाली उतरतो. निघायच्या सकाळी काकांनी माझी बॅग त्यावर ठेवली. फिल्टर कॉफी, मुरुक्कू, अप्पळम, काकूंनी बांधून दिलेली मेतकुटाची पिशवी, सगळं मिळून सतरा किलो. मुभा पंधराची. काकांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं.

“फार जाड झाली रे ही. दोन किलो उतरवायलाच हवेत.”

नातू धावत गच्चीवर गेला आणि डबा घेऊन आला.