चौकातल्या मत्स्यगुरूंना अनावृत पत्र

आदरणीय मत्स्यगुरू,



रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेच्या चार नळ्या ओळीने उभ्या होत्या. पहिलीत पिवळसर पाणी, दुसरीत लाल, तिसरी आणि चौथीत डाळिंबाच्या दाण्यासारखं. सासूबाई आत आल्या. त्यांनी नळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात हिला विचारलं, "जावईबापूंची शुगर वाढली का गं?" मी म्हणालो, "शुगर नाही आई, नायट्रेट वाढलंय." त्या काही न बोलता देवघरात जाऊन बसल्या. माणसाला या थराला आणून ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, म्हणून सर्वप्रथम आपलं अभिनंदन.

आठ महिन्यांपूर्वी मुलीच्या सातव्या वाढदिवसाला आम्ही आपल्या दुकानाची पायरी चढलो. दोन फुटी टाकी, गुलाबी खडी, प्लॅस्टिकचा किल्ला आणि सहा गोल्डफिश घेऊन उतरलो. पंचावन्न लिटर पाण्यात सहा गोल्डफिश म्हणजे एका खोलीत सहा पैलवान. पण आपण म्हणालात, "टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो." निसर्गाने इतका समजूतदारपणा माणसाच्या मुलांनाही द्यायला हवा होता, बुटांचा खर्च वाचला असता.

पहिल्या पंधरा दिवसांत तीन मासे गेले. आपण म्हणालात, "सीझनच तसा आहे." नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर एखाद-दुसराच मासा ठेवावा, हे मला फार नंतर कळलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायला आपणच सांगितलंत, म्हणजे जे चार जिवाणू वसले होते त्यांनाही मी दर रविवारी गटारात पाठवलं. खाणं 'चिमूटभर' म्हणालात, कुणाची चिमूट ते सांगितलं नाहीत. आमच्या आबांची चिमूट शेंगदाण्याच्या कुटाच्या हिशेबाची आहे. आणि काहीही झालं की निळं औषध. मासा तळाशी बसला, निळं औषध. मासा वर आला, निळं औषध. शेपटी फाटली, निळं औषध आणि जोडीला पिवळं. पाणी इतकं निळं व्हायचं की आत मासे आहेत हे मुलीला विश्वासावर घ्यावं लागायचं.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण आपलं एक वाक्य माझ्या घशात काट्यासारखं अडकलं आहे. "साहेब, पाणी बदलायचं नाही. जुनं पाणी चांगलं. कमी झालं की वरून घालायचं." केवढा आत्मविश्वास! हे आपण अशा सुरात सांगितलंत, की मला वाटलं चार पिढ्यांचं ज्ञान आहे, वहीत लिहून ठेवावं. मी खरंच लिहून ठेवलं.

तेव्हा गुरुवर्य, आता शिष्याकडून थोडं ऐकून घ्या. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्याचाही अमोनियाच. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राईटचं नायट्रेट. पहिली दोन द्रव्यं जहाल, नायट्रेट त्या मानाने सोसवतं. पण आपल्या टाकीत गाडी तिथेच थांबते. पुढचं स्टेशन नाही. एक तर झाडं ते शोषून घेतात, नाही तर आपण बादली घेऊन ते बाहेर काढतो. सर्गेई विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमाराला हे जिवाणू वेगळे करून दाखवले. बातमी आपल्या चौकात पोचायला जरा उशीर झाला, सिग्नल मोठा आहे.

आणि पाणी आटतं म्हणजे काय होतं? वाफ जाते. नायट्रेट जागचं हलत नाही. आमटी आटली की ती खारट होते, हे कुणाच्याही घरी कळतं. तीत पुन्हा खारटच पाणी ओतत गेलं आणि असं आठ महिने केलं, तर ती आमटी कुणाला वाढाल? मी माशांना वाढली. तिघांपैकी आणखी दोघे त्यातच गेले. कशाने गेले हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण शेवटी काचेवर शेवाळाची हिरवी शाल चढली आणि उरलेला एकुलता एक मासा, ज्याचं नाव मुलीने बटाटा ठेवलं आहे, कोपऱ्यात तोंड खुपसून राहू लागला, तेव्हा मी तपासणीची पेटी मागवली.

त्या पेटीची एक गंमत सांगतो, कारण आपल्या दुकानात ती मी कधी पाहिली नाही. दोन नंबरची बाटली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, तळाशी साका बसतो म्हणून. आळस केलात तर पाणी खोटंच निर्मळ दिसतं. मग पाच मिनिटं थांबायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा म्हणजे शून्य. तिथून नारिंगी, लाल, मग गडद लाल. त्यातला ४० आणि ८० चा लाल वेगळा ओळखायला लग्नाचे शालू निवडणारी मावशी सोबत लागते. आमच्या टाकीचा रंग मात्र मावशीशिवाय कळला. १६०, तक्त्याचं शेवटचं घर.

लगेच निम्मं पाणी बदललं. पुढच्या रविवारी पुन्हा निम्मं. चार रविवार कंबर मोडून बादल्या वाहिल्या. रंग ८० च्या आसपास येऊन बसला तो बसलाच. मी आपल्याला रोज दहा वेळा शिव्या घातल्या. फिल्टर बदलला, आबांच्या हातून खाण्याची डबी काढून घेतली, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. रंग ढिम्म.

मग रविवारी त्या चार नळ्या मांडल्या. एक आरओच्या शुद्ध पाण्याची, एक नळाची, एक टाकीची आणि एक बादलीची.

बादलीचं सांगायला हवं. आरओ मशीन पाणी शुद्ध करताना बाजूच्या नळीतून बरंच पाणी टाकून देतं. ते वाया जाताना पाहून मला झोप येत नाही, माझी आई हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालली आहे. म्हणून ते आम्ही बादलीत साठवतो, फरशी पुसतो आणि टाकीतही तेच घालतो. आठ महिने मी वरून तेच घालत होतो. चार रविवार निम्मं पाणी बदललं तेही त्याच बादलीतून. शुद्ध पाण्यातून जे काढलं जातं, ते या पाण्यात गोळा होतं, हे मला सुचायला चार नळ्या लागल्या. आरओची नळी पिवळसर, नळाची ४० ची लाल, बादलीची आणि टाकीची अगदी जुळ्या बहिणी. हिशेब साधा होता. १६० मध्ये ८० चं निम्मं पाणी घातलं की १२०, मग १००, मग ९०, मग ८५. जन्मभर बादल्या वाहिल्या असत्या तरी ८० च्या खाली उतरलो नसतो.

या पत्राचा मजकूर इथवर मी रविवारीच लिहिला होता, म्हणून भाषा जरा तिखट आहे. खोडत नाही.

पण ती दुसरी नळी मला रात्री झोपू देईना. नळाचं पाणी, ४०. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट चालत नाही. आमचं गाव शहराच्या हद्दीत येऊन काही वर्षं झाली, शहराचं पाणी मात्र अजून यायचं आहे. तोवर बोअर आणि टँकर, आणि टँकर भरतो तोही कुठल्या तरी बोअरवरच. शेतातला युरिया, गोठे, शोषखड्डे यांतलं नायट्रेट माती धरून ठेवत नाही, पावसाबरोबर ते थेट खाली उतरतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात नायट्रेटचा प्रश्न ठळक असलेल्या १५ जिल्ह्यांची नावं आहेत. त्यातले ७ आपल्या महाराष्ट्रातले: वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. माझी मावशी यवतमाळकडे असते. तिच्या दारात हातपंप आहे. ती म्हणते, "आम्ही उकळून पितो रे." उकळून! मावशी, उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट उलट दाट होतं. हे तिला कुणी सांगितलं नाही. पंपाला लाल रंग लावायला माणूस आला होता म्हणे, पाणी तपासायला आलेला तिला आठवत नाही. मी इथे एका माशासाठी चार नळ्या मांडून बसलोय आणि तिकडे माणसं तेच पाणी घागरीने पितायत. कुणाला पत्र लिहायचं याचं? आपण समोर सापडलात, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

तर मंगळवारी रात्री सव्वादहाला मी भांडायला आलो. आपली बाजू ऐकून घेण्याचा माझा बेत नव्हता. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत पाहिलं तर आपण गुडघ्यापर्यंत पँट दुमडून उभे. हातात नळी, शेजारी निळं पिंप. एकेका टाकीतलं निम्मं पाणी ओढून काढत होता, मुलगा बादल्या वाहत होता. भिंतीभर टाक्या, खालच्या रांगेसाठी आपण पार जमिनीला टेकलेले.

म्हणजे आपल्याला माहीत होतं! रोज रात्री स्वतः पाणी बदलणारा माणूस मला सांगतो, बदलायचं नाही? मी तिथेच ओरडलो. मुलाच्या हातातली बादली हिंदकळली. आपण नळी न सोडता म्हणालात, "साहेब, पाणी बदलावं लागतं म्हटलं की गिऱ्हाईक टाकी घेत नाही. पोरगी रडते, बाप तिला ओढत बाहेर नेतो. पुढच्या दुकानातून घेतात." आणि मग थोडं थांबून, "मी विचारलं होतं तुम्हाला. पाणी कुठलं, नळाचं की बोअरचं? तुम्ही म्हणालात, नळाचं."

म्हणालो होतो. फ्लॅटमध्ये सगळं नळातूनच येतं हो.

यावर मला उत्तर सुचेना, म्हणून मी नायट्रेटचं भाषण सुरू केलं. बोलता बोलता लहान बाळांचं सांगितलं. नायट्रेटचं पाणी तान्ह्याच्या पोटात गेलं की त्याचं नायट्राईट होऊ शकतं, मग रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, बाळ निळसर पडतं. टाकीत नायट्राईट वाढलं की माशाचं रक्तही असंच तपकिरी होतं. आपण नळी खाली ठेवलीत. म्हणालात, "घरी नात आहे, चार महिन्यांची. वरचं दूध आहे, पावडरचं. पाणी बोअरचंच, पण उकळून देतो."

गुरुवारी आपला मुलगा घरी आला. हातात मासे देता तसली प्लॅस्टिकची पिशवी, रबराने बांधलेली, आत नुसतं पाणी. मी दोन नंबरची बाटली अर्धा मिनिट काय, दोन मिनिटं हलवली. पाच मिनिटं थांबलो. रंग लाल. ४० की ८०, मला ओळखता येईना. खिडकीशी नेला, ट्यूबलाइटखाली नेला, हिला दाखवला, सासूबाईंनाही दाखवला. एक म्हणाली अलीकडचा, एक म्हणाली पलीकडचा. आणि ४५ ची रेघ नेमकी त्या दोन चौकोनांच्या मध्ये कुठेतरी पडते.

म्हणून फोन केला. बाळाचं दूध आजपासून आमच्या आरओच्या पाण्यात करा, रोज सकाळी मुलाला बाटली घेऊन पाठवा. आणि पिशवीचा रंग पाहून मी सांगतो त्यावर राहू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं, आकडा लिहून देतात. सोमवारी मी माझीही बाटली घेऊन जाणार आहे, गाडीवर मागे जागा आहे.

बाकी टाकीत आता अर्धं आरओचं, अर्धं नळाचं पाणी घालतो. नुसतं आरओचं घातलं तर त्यात क्षार फारसे उरत नाहीत. हिच्या मनी प्लांटच्या दोन फांद्या मुळांपर्यंत पाण्यात सोडल्या आहेत, पानं बाहेर. काढलेलं पाणी कढीपत्त्याला जातं. तो असा फोफावला आहे की वरच्या मजल्यावरचे काका खत कुठलं म्हणून विचारतात.

आपला,
चौकाजवळचा एक गिऱ्हाईक

ता. क. निळ्या औषधाच्या तीन बाटल्या आपल्या तोंडावर मारायच्या म्हणून पिशवीत भरल्या होत्या. मग वाचलं की ते मिथिलीन ब्लू. नायट्राईटमुळे निळं पडलेल्या माणसाला डॉक्टर शिरेतून देतात ते औषधही मिथिलीन ब्लूच, आणि नायट्राईट बाधलेल्या माशालाही तेच देतात. फिल्टरमधल्या जिवाणूंना ते सोसत नाही ही गोष्ट वेगळी. बाटल्या ठेवून घेतल्या आहेत, माशांपुरत्या. किल्ला मात्र परत घ्या. बटाटा आता माझ्या तळहाताएवढा झालाय आणि काल दुसऱ्यांदा त्याच्या दरवाजात अडकला.