ट्रम्पेटकाका

देहूरोडच्या ऑर्डनन्स डेपोत स्टोअरकीपर म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही मोजायला काहीतरी लागतंच. काकांनी सी. रामचंद्रांच्या तबकड्या मोजायला घेतल्या. डेपोतल्या मालासारखं प्रत्येक तबकडीचं बिन कार्ड आहे. सिनेमा, साल आणि 'ट्रम्पेट कुठं येतो'. गायकाचा रकानाच नाही. "गायक लेबलवर छापलेला असतोच की! फुंकणारा कुठं छापलाय?"

पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली तबकडी आधी बनियनच्या फडक्यानं पुसायची, सुई उडू नये म्हणून दांडीवर रुपयाचं नाणं ठेवायचं, मग गाणं. लता गात असते तोवर तुम्हाला बोलायची मुभा असते, चहाही मिळतो. पितळ वाजलं रे वाजलं, की मात्र बशी ओठांपाशीच थांबली पाहिजे. "चिक चॉकलेट!" काका पुटपुटतात. म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या ताजमध्ये स्वतःचा बँड घेऊन वाजवायचा, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि रामचंद्रांच्या गाण्यांना मागून साज चढवणाऱ्यांत हा पुढे. 'अलबेला'त (१९५१) तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. अख्खा महाराष्ट्र भगवानदादांचे पाय बघत बसला, हा काकांचा जुना राग.

रामचंद्र नरहर चितळकर हे पुणतांब्याचे, म्हणजे काकांच्या लेखी जवळजवळ घरचेच. 'शहनाई' १९४७, 'समाधी' १९५०, 'आशा' १९५७ ही सनावळी ते नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा बिनचूक सांगतात. (काकूंचं मत विचारू नये.) ड्यूक एलिंग्टन १९६३ साली आपला ताफा घेऊन भारतात येऊन गेला, असं कुणीतरी ऐकवलं, तर म्हणाले, "मग? तोवर आमच्या वराती जॅझवर नाचून दमल्या होत्या."

वरातीवरून आठवलं. परवा बाजारपेठेत एक वरात अडली. नवरदेव घोड्यावर, पोरं रस्त्यावर, मागं जुन्या हायवेपर्यंत हॉर्न. काय झालं म्हणून बघतो, तर काकांनी बँडवाल्याचा दंड धरलेला.

"'ईना मीना डीका'तला मधला तुकडा खाल्लास तू."

"काका, सुपारी किती ठरलीये माहितीये का? त्यात एवढंच बसतं."

काकांनी खिशातून शंभराची नोट काढली. बँडवाल्यानं तुकडा वाजवला, बऱ्यापैकी बेसूर. काका डोळे मिटून उभे. घोडा तेवढा बिथरला.

तुम्हाला ही गाणी ऐकायची असतील तर काकांकडे जरूर जा, दार उघडंच असतं. फक्त सकाळी जा. संध्याकाळी गेलात, तर पुण्याची शेवटची लोकल चुकलीच म्हणून समजा.