तोंडावर बोट, दोन गुण

हाताची घडी, तोंडावर बोट!

मराठी माणसाच्या शिक्षणाचा श्रीगणेशा या चार शब्दांनी होतो. देहबोलीचा हा पहिला धडा. त्याला ना पुस्तक लागतं, ना प्रशिक्षण. आता दोन्ही हातांची घडी घातल्यावर तोंडावर ठेवायला तिसऱ्या हाताचं बोट कुठून आणायचं, असा रास्त प्रश्न पोराला पडतो. पण तो विचारायचा तर आधी तोंडावरचं बोट काढावं लागतं. म्हणून तो प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.

आठ वर्षं बोट असं जागच्या जागी राहतं. मग पोरगं नववीत येतं, व्यावसायिक विषय घेतं आणि त्याच्या हातात रोजगारक्षमता कौशल्यांचं पुस्तक पडतं. भोपाळला अशा व्यावसायिक शिक्षणासाठी पंडित सुंदरलाल शर्मांच्या नावाची केंद्रीय संस्था आहे. पुस्तकातला पहिलाच घटक संवाद कौशल्याचा. संवाद शाब्दिक असतो, अशाब्दिक असतो, त्याचं एक चक्र असतं, चक्रात अडथळे असतात. पोरगं हे सगळं पाठ करतं. परीक्षेत प्रश्न येतो : अशाब्दिक संवादाचे प्रकार लिहा, गुण दोन. उत्तर लिहायचं, बोलायचं नाही. त्या तीन तासांत कोणी शेजाऱ्याशी शाब्दिक संवाद साधला तर ती कॉपी, आणि डोळ्यांनी अशाब्दिक साधला तर तीही कॉपीच.

ही गंमत पाहायची तर बोरगावसारखी जागा नाही. मध्य प्रदेशातला सौंसर तालुका, नागपूर–छिंदवाडा रस्ता, आजूबाजूला संत्र्याच्या बागा आणि मध्येच औद्योगिक वसाहत. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, म्हणजे राजधानी अगदी हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी उठून पाहतात तर राजधानी भोपाळला आणि नागपूर परराज्यात. माणसं जागेवरच होती, मराठीही घरातच होती. 2023 मध्ये पांढुर्णा हा राज्याचा 55वा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. जिल्हा जवळ आला. भाषा मात्र अजून घरातच आहे.

पुस्तकात संवादाच्या अडथळ्यांची यादी असते. त्यात भाषिक अडथळा नावाची एक ओळ. बोरगावचं पोरगं ही ओळ रोज सकाळी दप्तर पाठीला लावून ओलांडतं. घरी आजी विचारते, "काहून रे, डबा नाही नेत काय?" पोरगं म्हणतं, "हाव, नेतो ना." शाळेच्या फाटकात शिरलं की तेच पोरगं म्हणतं, "जी सर." संध्याकाळी दुकानात दोन्हींची मिसळ करून पाच रुपये कमी करून घेतं. आजीपुढे ते ऐसपैस मांडी घालतं, सरांपुढे खांदे पाडतं, दुकानदारापुढे फळीवर कोपर टेकून उभं राहतं. तीन भाषा, तीन देहबोली, आणि एकीचा दुसरीत घोळ नाही. मोठ्या शहरात याच कामगिरीचे हजारो रुपये घेऊन वर्ग चालतात. इथे त्याला म्हणतात, पोराची हिंदी कच्ची आहे.

कच्ची का, ते शब्दांनाच विचारा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे काय ते कोंबडा झालेल्या कोणालाही ठाऊक आहे. हिंदीतला राग गायचा असतो, मराठीतला गिळायचा. समग्र शिक्षा अभियान ही पाटी मराठीत वाचली की शिक्षेत काही म्हणता काही बाकी राहत नाही. आणि चेष्टा! भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं करावा, असं घटनेचं कलम 350 अ सांगतं. हे कलम आलं सातव्या दुरुस्तीनं, 1956 मध्येच. म्हणजे ज्या वर्षी रेघ ओढली, त्याच वर्षी मलमही दिलं. प्रयत्नाला हिंदीत चेष्टा असाही शब्द आहे. पुढची 70 वर्षं मराठी मुलखानं तो मराठीत अनुभवला.

संवाद कौशल्याच्या तासाला फळ्यावर एक ठरलेला हिशेब येतो : संवादात शब्द 7 टक्के, आवाज 38, देहबोली 55. बेरीज बरोबर 100, म्हणून कोणी तपासत नाही. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 च्या प्रयोगांतले. माणूस सुटा शब्द एका सुरात बोलतो आणि चेहरा भलतंच सांगतो, तेव्हा त्याच्या मनातला भाव आपण कशावरून ओळखतो, एवढाच त्या प्रयोगांचा जीव. हा हिशेब फक्त भावना आणि आवडीनिवडीच्या बोलण्याला लागू, असं मेहराबियननं स्वतःच सांगून ठेवलं. पण हे त्यानं शब्दांत सांगितलं, त्यामुळे ते सातच टक्के पोचलं असावं. नाहीतर बोरगावच्या पोराला हिंदीतला प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा सरांच्या आवाजावरून आणि चेहऱ्यावरूनच 93 टक्के कळायला हवा होता. चेहऱ्यावरून त्याला एवढंच कळतं की सरांना घरी जायची घाई आहे.

व्यक्तिमत्त्व विकासवाले सांगतात, पोशाखही बोलतो. बोलत असेल. बोरगावच्या वसाहतीत 1991 पासून रेमंडचा कारखाना आहे. मुलाखतीला घालायच्या सुटाचं कापड गावच्या उंबऱ्यावरच विणलं जातं. आता त्या सुटाच्या आत बसून बोलायचं कोणत्या भाषेत, एवढा किरकोळ प्रश्न राहिला.

मुळात अशाब्दिक संवाद या मुलखाला शिकवावा लागतो, हाच विनोद आहे. बैलबाजारातला दलाल पाहा. दुपट्टा पसरतो, त्याखाली दोन हात शिरतात, बोटं बोटांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. वर चेहरे असे, की जणू दोघं पावसाची वाट पाहताहेत. आकडा तोंडातून फुटत नाही आणि व्यवहार होऊन जातो. संत्र्याची बाग घ्यायला आलेला व्यापारी दोन ओळी फिरतो, एक फळ हातात घेतो, न बोलता पुन्हा पानाआड सोडतो आणि नुसता उसासा टाकतो. त्या उसाशाची किंमत शेतकऱ्याला बरोबर कळते, कारण ती त्याच्याच भावातून वजा होते. या तासाला ना पुस्तक आहे, ना दोन गुण. पण शेतकऱ्याच्या पोरानं तो उसासा वाचायला आणि त्यावर तोंड उघडायला शिकणं, याहून रोजगारक्षम कौशल्य कोणतं?

आणि तोंड उघडलंच नाही तर काय होतं, त्याचं प्रात्यक्षिक जिल्ह्याच्या गावीच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात. त्याच दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जांब नदीच्या दोन काठांवर उभी राहून एकमेकांशी गोटमार करतात. नदीच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. इकडचा मुलगा आणि तिकडची मुलगी पळाली, अशी कथा सांगतात. म्हणजे सोयरिकीचं बोलणं दोन घरांत बसून झालं असतं तर मिटलं असतं. जखमींची संख्या शेकड्यांत जाते, माणसं दगावलीही आहेत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. संदेश पोचला नाही. लोकांनी दगडच उचलले. संवादचक्रात प्रतिसाद महत्त्वाचा असतो म्हणतात. इथे तो ताबडतोब मिळतो.

बरं, शिकवायचंच असेल तर साहित्य घरात पडलंय. "हाव" हा एकच शब्द घ्या आणि वर्गाला म्हणायला लावा. होकाराचा हाव, आश्चर्याचा हाव, "चल, थापा नको मारू"चा लांबवलेला हाव आणि बापाचं बोलणं संपावं म्हणून टाकलेला आखूड हाव. आवाजाचा चढउतार तासाभरात शिकवून होईल. मग तीच गोष्ट आजीला सांगतो तशी सांग, आता साहेबाला सांगतो तशी हिंदीत सांग, काय बदललं ते बाकीच्यांनी ओळखा. खर्च शून्य. अडचण एकच : वर्गात गोंगाट होईल. आणि गोंगाट झाला की शेजारच्या वर्गातून मुख्याध्यापक येतात, दारात उभे राहतात, एक अक्षर बोलत नाहीत. नजर पुरते.

तेव्हा आहे ते बरं आहे. अधूनमधून वरून तपासणी होते. साहेब विचारतात, "संवाद के कितने प्रकार?" वर्ग एका सुरात, "दो!" साहेब खूश. "किसी को कुछ पूछना है?" वर्ग गप्प. एवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात हळूच वर येतो. साहेबांचे डोळे चमकतात, सरांचा जीव भांड्यात पडतो. चला, एकाला तरी बोलावंसं वाटलं.

हात पूर्ण वर येतो तेव्हा दिसतं, मूठ मिटलेली आहे. उभी आहे ती फक्त करंगळी.