मांगात असं नव्हतं!

'रेलगन'च्या चाहत्यांमध्ये भांडण लावून द्यायला फार अक्कल लागत नाही. 'दुसऱ्या सीझनचे शेवटचे भाग मला आवडले बुवा' एवढं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. पुढचे दोन तास ते आपापसात बघून घेतात.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काझुमा कामाची या लेखकानं २००४ मध्ये जपानीत 'अ सर्टन मॅजिकल इंडेक्स' ही कादंबरीमालिका सुरू केली. तीत एक 'अ‍ॅकॅडमी सिटी' आहे. तेवीस लाख वस्तीचं शहर, पैकी ऐंशी टक्के विद्यार्थी आणि शाळेत शिकवतात काय, तर अतींद्रिय शक्ती. नायक कामिजो तोमा. त्याच्या उजव्या हातानं कुठलीही जादू, कुठलीही शक्ती निकामी होते. तो आधी समोरच्याला लांबलचक उपदेश करतो आणि मग ठोसा मारतो. बऱ्याच खलनायकांना ठोसा त्यातल्या त्यात बरा वाटत असावा. याच मालिकेत मिसाका मिकोतो नावाची वीज खेळवणारी मुलगी होती. तिला २००७ मध्ये 'रेलगन' ही स्वतंत्र मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मिळाली, चित्रं मोतोई फुयुकावा यांची. २००९ मध्ये तिचं अ‍ॅनिमे, म्हणजे पडद्यावरची कार्टून मालिका, आलं आणि ही धाकटी पाती थोरलीच्या डोक्यावर जाऊन बसली. थोरलीचे भक्त तेव्हापासून जे रुसलेत ते अजून जेवायला आलेले नाहीत.

वादाचा एक पक्ष कट्टर. त्याच्या हातात फूटपट्टी. मांगातली चौकट पडद्यावर तशीच उतरली का, एवढंच तो मोजतो. जे मांगात नाही ते भरताड. नवख्यानं तोंड उघडलं की याचं ठरलेलं उत्तर: "भाऊ, आधी मांगा वाच." नवखा बिचारा वाचून येतो. मग त्याला सांगण्यात येतं, "मूळ कादंबऱ्या वाचल्यास का?"

फूटपट्टीवाल्यांना मी एकच आठवण करून देतो: 'इंडेक्स'चा तिसरा सीझन. २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि नऊ खंड सव्वीस भागांत कोंबून मोकळा झाला. मुख्य प्रसंग त्याच क्रमानं, मुख्य पात्रं हजर. फक्त कोण कुणाला का मारतंय हे कादंबरी न वाचलेल्याला कळायची सोय नव्हती. तेव्हा सर्वांत मोठ्यानं गळा कुणी काढला? याच फूटपट्टीवाल्यांनी. 'नुसता सारांश दाखवलाय,' म्हणे. आणि स्टुडिओच्या नावानं खडे फोडू म्हणावं, तर दोन्ही मालिका एकाच जे. सी. स्टाफच्या. 'रेलगन'ला दिग्दर्शक म्हणून तात्सुयुकी नागाई मिळाले हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना वेळ मिळाला.

वेळ म्हणजे काय, ते 'रेलगन'च्या पहिल्याच भागात दिसतं. क्रेपच्या गाडीवर क्रेपबरोबर गेकोता नावाच्या बेडकाचं फोनला लावायचं लटकन फुकट मिळतंय. मिकोतोला ते हवंय, पण कबूल करायची लाज वाटते. रांगेत ती पाय आपटत उभी. शेवटचं लटकन नेमकं पुढे उभ्या सातेन नावाच्या मुलीला मिळतं आणि शहरातली तिसऱ्या क्रमांकाची शक्तिमान मुलगी गुडघ्यांवर कोसळते. पाठोपाठ समोरच्या बँकेवर दरोडा पडतो आणि लहान मुलाला वाचवताना सातेन तोंडावर लाथ खाते. मग मिकोतो खिशातून नाणं काढते. हे नाणं ध्वनीच्या तिप्पट वेगानं सुटतं आणि पन्नासेक मीटरवर वितळून जातं. शक्तींची कोष्टकं मांडणारे याच तिप्पट वेगावर रात्री जागवतात. मला विचाराल तर तो नेम बसतो त्या बेडकामुळे. आधी लटकनासाठी रडवेली झालेली पोर पाहिलेली असते, म्हणून नंतरच्या कडकडाटाला वजन येतं.

सातेनचंच घ्या. शक्ती शून्य, पातळी शून्य. मांगात तिच्या वाट्याला बेताचीच जागा आली. अ‍ॅनिमेनं तिला पुढे ओढलं. शक्ती वाढवणारी बेकायदा ध्वनिफाइल हाती लागल्यावर ती ती ऐकते आणि मग भेदरून मैत्रिणीला फोन करते. तो फोन या सबंध मालिकेतला सर्वांत चांगला प्रसंग, असं कट्टर मंडळीही डोळे पुसत सांगतात. आता त्या प्रसंगात मांगाचं किती आणि अ‍ॅनिमेनं वाढवलेलं किती, हे फूटपट्टीनं मोजा की! तिथे मात्र पट्टी दप्तरात.

दुसरं उदाहरण 'सिस्टर्स' प्रकरणाचं. मिकोतोच्या वीस हजार क्लोन बनवून एकेकीला मारायचा प्रयोग. 'इंडेक्स'नं तो पाचेक भागांत उरकला. तिथे मिकोतो पुलावर उभी असते, नायक येतो, वाचवतो. 'रेलगन'च्या २०१३ च्या दुसऱ्या सीझननं त्याच घटनेला सोळाएक भाग दिले. पुलावर येण्याआधी या मुलीनं एकटीनं किती प्रयोगशाळा उद्ध्वस्त केल्या, एक बंद पाडली की दुसरीकडे काम कसं सुरू व्हायचं, हे सगळं तिच्या बाजूनं दिसलं. पूल तोच, नायक तोच, उपदेशही तोच. पण आता तो ऐकवत होता. तीच हकिकत दुसऱ्यांदा सांगितली म्हणून कुणी 'भरताड' म्हणालं नाही.

आता ते बदनाम शेवटचे भाग. त्यात फेब्री नावाची चिमुरडी येते, लॉलीपॉप चोखणारी. ती मांगात नव्हती, हाच तिचा गुन्हा. तेव्हा मांगातलं पुढचं मोठं प्रकरण अजून चालू होतं. ते अर्धवट उचलणार कसं? म्हणून स्टुडिओनं स्वतःचा शेवट रचला. ते प्रकरण पूर्ण झाल्यावर २०२० मध्ये व्यवस्थित आलं, करोनामुळे अडखळत का होईना. म्हणजे मूळ गोष्टीची अब्रू राखायलाच ते भरताड घातलं गेलं. अर्थात फेब्रीचे भाग थोर आहेत असं माझं म्हणणं नाही. 'सिस्टर्स'नंतर ते सपक लागतात. शेवटी सगळी पात्रं एकदम मदतीला धावून येतात तेव्हा तर शाळेच्या स्नेहसंमेलनाचा समारोप चालल्यासारखं वाटतं. शिव्याच द्यायच्या तर त्या सपकपणाला द्या. जन्मदाखला कशाला तपासता?

उलट बाजूची मंडळी काही कमी नाहीत. त्यांना 'रेलगन'मधलं सगळंच थोर वाटतं. चौघी मैत्रिणी केक खात बसल्या तरी 'व्यक्तिरेखांचा विकास' चालू असतो. त्यांच्यातल्या कुरोकोचे मिकोतोच्या अंगचटीला येण्याचे विनोद पहिल्या दोनदा हसवतात, पुढे पुढे किळस येते. हे बोललं की 'तुला जपानी विनोद कळत नाही.'

सर्वांत थोर मात्र याद्या करणारे. 'इंडेक्स'चे इतके भाग बघा, मग 'रेलगन'चे इतके, मध्येच परत 'इंडेक्स'वर या, हे वगळा, ते दीडपट वेगानं पळवा. रेल्वेचं वेळापत्रक याहून सोपं असतं. मी अशाच एका यादीवाल्याला विचारलं, फेब्रीचे भाग टाकाऊ हे नक्की ना? तो म्हणाला, "शंभर टक्के टाकाऊ. तीन वेळा बघितलेत, सांगतोय ना!"