महोदयांच्या पायांविषयी थोडेसे

प्रति,
मा. रविवारचे पर्यटक महोदय,
मुक्काम : पुणे-सातारा महामार्ग, टोलनाक्याची रांग.

विषय : कास पठारावर गाडी थेट फुलांपर्यंत न सोडल्याबाबत.
संदर्भ : महोदयांनी यवतेश्वरच्या घाटात काच खाली करून केलेली तोंडी तक्रार.

स. न. वि. वि.

महोदयांची तक्रार पोचली आणि ती रास्तच आहे. सुट्टीच्या दिवशी साखरझोप मोडायची, वाटेत मिसळीवर ताव मारण्याचं कर्तव्य पार पाडायचं, घाटातल्या कोंडीत तासभर हॉर्न वाजवायचा आणि एवढं करून फुलांच्या अलीकडेच कुणीतरी शिट्टी फुंकून गाडी वाहनतळाकडे वळवायला लावायची, म्हणजे काय? तिथून बस. बसमधून उतरल्यावर तिकीट. तिकीट दाखवलं की चालणं, आणि तेही आखून दिलेल्या वाटेनं! देशात कुठेही मुक्तपणे फिरण्याचा हक्क घटनेनं दिला आहे, याची आठवण महोदयांनी तिकीट तपासणाऱ्या पोराला करून दिली, ते बरंच झालं. पोरगं पठाराशेजारच्या आटाळी गावचं होतं. त्याची गुरं याच पठारावर चरायची, त्यामुळे मुक्त फिरण्याबद्दल त्यालाही थोडंफार माहीत होतं.

महोदय घाईत असल्यामुळे त्यांची ज्या जागेशी नीटशी ओळख झाली नाही, तिच्याविषयी दोन शब्द. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर पसरलेला हा जांभ्या दगडाचा सडा. मे महिन्यात इथे उघडा, तापलेला कातळ असतो. कुणी फिरकत नाही, आणि तेव्हा मात्र महोदयांची कसलीच तक्रार नसते. पाऊस लागला की कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं, भाकरीच्या पापुद्र्याइतक्या मातीच्या थरात बी जागं होतं आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात रंगांच्या पाळ्या सुरू होतात. गेंद, तेरडा, सोनकी, ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात तो पिवळा कवला, आणि जिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे ती वायतुरा. फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली. त्यात महाराष्ट्रातली चार होती : कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. फुलं त्याआधीही उमलत होती. महोदयांना ती त्यानंतर दिसू लागली, एवढंच.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘सीतेची आसवे’ नावाचं जांभळं-निळं फूल महोदयांच्या करंगळीच्या नखाएवढं. ते आपलं पोट कसं भरतं, हे पाहायला भिंग लागेल. कातळावरच्या या मातीत नायट्रोजनचा दुष्काळ, म्हणून या झाडानं पाण्यात बारीक पिशव्या टाकून सूक्ष्म जीव पकडायची सोय केली आहे. एवढ्या हलाखीत उभ्या राहिलेल्या रोपाला महोदयांचा बूट परवडत नाही. शिवाय पठारावरच्या कितीतरी जाती एका पावसाच्या : उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं. बी धरण्याआधीच रोप तुडवलं गेलं, तर पुढच्या वर्षीच्या फुलाचा एक जामीनदार गेला. महोदयांनी ‘फक्त एक फोटो’ म्हणून ताटव्याच्या मधोमध बैठक मारली, त्या जागी वर्षभरानं काय उगवतं हे पाहायला मात्र ते येत नाहीत. तेव्हा ते दुसऱ्या पठारावर असतात.

आणि वाट. वाटेचा बिघाड फार सालस रीतीनं होतो. पाऊस पडतो, वाटेत चिखल होतो. एक सद्गृहस्थ बूट जपायला अर्धं पाऊल बाजूला टाकतात. मागून येणाऱ्या वहिनी त्यांच्याच पावलावर पाऊल टाकतात, कारण तिथे आधीच कुणीतरी गेलेलं दिसतं. दुपारपर्यंत ते अर्धं पाऊल म्हणजे वाट होते, मग तिथेही चिखल होतो आणि नवे सद्गृहस्थ आणखी अर्धं पाऊल सरकतात. कुणीच नियम मोडलेला नसतो! माती मात्र दबून घट्ट होते, पाणी मुरायचं थांबतं आणि एका माणसाची पायवाट हंगाम संपेपर्यंत बैलगाडी जाईल एवढी होते. यावरचा उपाय म्हणजे बूट चिखलात घालणं. महोदयांचे बूट पांढरे होते, हे पत्रलेखकाच्या लक्षात आहे.

दिवसाला ३००० माणसं, आधी ऑनलाइन नोंदणी, शे-दीडशे रुपये शुल्क, ही व्यवस्था महोदयांना जाचक वाटते. तीत खोट आहे, पण महोदय म्हणतात ती नव्हे. आकडा माणसं मोजतो, पावलं मोजत नाही. वाटेवरून चालणाऱ्या ३००० जणांपेक्षा वाट सोडणारे तीस जण महाग पडतात.

व्यवस्थेकडूनही चुका झाल्या, त्या महोदयांना आवडतील म्हणून सांगायच्या. गर्दी आवरायला पठाराला जाळीचं कुंपण घातलं. माणसं थोडीफार आवरली, पण गुरंही थांबली. पिढ्यानपिढ्या चरणारी गुरं उंच गवत खाऊन बुटक्या फुलांना ऊन मिळवून देत होती. गवत माजलं तशी फुलं झाकोळू लागल्याची ओरड अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी केली. अखेर जाळी काढली. शेवटी महोदय आणि फूल यांच्यामधला खरा आडोसा म्हणजे एक शिट्टी आणि महोदयांची सभ्यता. शिट्टी बऱ्यापैकी वाजते.

ती वाजवणारी माणसं कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांतली. संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांमार्फत हंगामाचा कारभार तीच रेटतात : वाहनतळ, तिकीट, राखण आणि महोदयांनी मागे ठेवलेल्या वेफर्सच्या पुड्या. महोदयांच्या शुल्कातून त्यांचा रोज निघतो. फुलं गेली तर महोदयांचा एक रविवार जाईल, त्यांचा अख्खा हंगाम.

महोदयांना हे सारं महाराष्ट्राचंच खूळ वाटत असेल, तर त्यांनी उत्तराखंडातल्या ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ला जाऊन यावं. तिथे कित्येक किलोमीटर चढून जायचं, ठरलेल्या वाटेनं फिरायचं आणि संध्याकाळच्या आत खाली यायचं. आत मुक्काम नाही. तिथून परतल्यावर महोदय तीन महिने सगळ्यांना सांगतील की शिस्त असावी तर अशी.

चालायची हौस खरोखरच असेल, तर कासवरही सोय आहे. जुन्या राजमार्गानं पुढे गेलं की कुमुदिनीचं तळं लागतं. पांढऱ्या फुलांनी पाणी झाकलेलं असतं. गाडी तिथवर पोचत नसल्यामुळे वाटेत गप्पा मारायला जागा मिळते.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : येत्या रविवारी फुलं ‘नक्की’ असतील का, अशी विचारणा महोदयांनी केली आहे. हमी देता येत नाही. पाऊस आणि ऊन कुणाची नोंदणी पाहून येत नाहीत. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते, तिला रविवार ठाऊकच नाही. मधल्या वारी घाट मोकळा असतो आणि पठारावर रेटारेटी नसते. महोदयांना मंगळवार चालेल का, ते उलट टपाली कळवावे.