उजवा कालवा

डॉक्टरांनी माझं उजवं मनगट दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं आणि म्हणाले, "काका, मूठ आवळा." आवळली. "उघडा." उघडली, तर तळवा तांदळाच्या पिठासारखा पांढरा. मग त्यांनी करंगळीकडचा अंगठा तेवढा उचलला आणि मी मनातल्या मनात पाच मोजेपर्यंत तळवा पुन्हा गुलाबी झाला. "छान. दोन्हीकडून पाणी येतंय," ते म्हणाले. रक्ताला त्यांनी पाणी म्हटलं ते माझी नोकरी लक्षात ठेवून. तेहतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बरीचशी खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्यावर.

तळहाताला दोन धमन्या रक्त पुरवतात आणि त्या आत एकमेकींना मिळालेल्या असतात. म्हणून अंगठ्याकडच्या धमनीतून हृदयापर्यंत नळी घातली तरी हात उपाशी राहत नाही. एक चारी बंद ठेवून दुसरीवर रान भिजवतात, त्यातलाच प्रकार. पण हृदय डावीकडे असताना रस्ता उजवीकडून का, हे मला पडलेलं कोडं. उत्तर अगदीच साधं निघालं: डॉक्टर टेबलाच्या उजव्या अंगाला उभे राहतात.

अँजिओग्राफी म्हणजे सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. तपासणी वीस मिनिटांची. तयारी मात्र घरातलं लग्न असल्यासारखी आठ दिवस चालली. क्रिएटिनिन तपासून झालं, कारण आत सोडतात तो डाय मूत्रपिंडांनाच बाहेर काढावा लागतो. साखरेची गोळी सकाळी घ्यायची नाही, रक्तदाबाची घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, हे बायकोनं कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलं. सहा तास पोटात काही नको, असा हुकूम होता. जन्मभर संकष्टी टाळत आलेल्या मला नेमका त्या दिवशी कडकडीत उपास घडला.

शेजारचे नाना येऊन धीर देऊन गेले. त्यांची अँजिओग्राफी जुन्या पद्धतीची, जांघेतून. "आमच्या वेळी जांघेवर वाळूची पिशवी ठेवून तासन् तास उताणं झोपवायचे. पाय हलवायची सोय नाही. तुमचं काय, मनगटातून!" त्यांनी हे अशा सुरात सांगितलं, की मनगटातून करून घेणं मला जरा पळपुटेपणाचंच वाटायला लागलं. ही मनगटाची वाट 1989 मध्ये मॉन्ट्रियलच्या लुसियँ काँपो या डॉक्टरांनी शंभर रुग्णांवर वापरून दाखवली. नानांच्या आधीच ती निघाली होती, पण हे मी नानांना सांगितलं नाही. माणसाची वाळूची पिशवी काढून घेऊ नये.

आदल्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो, आणि फोर्समान नावाचा जर्मन भेटला. 1929 साल, बर्लिनजवळचं एबर्सवाल्डे हे गाव, वय पंचविशीच्या आसपास. हृदयापर्यंत नळी नेता येईल असं याचं म्हणणं आणि वरिष्ठांची सक्त मनाई. निर्जंतुक हत्यारांची किल्ली एका नर्सकडे. तिला त्यानं पटवलं, तेव्हा ती म्हणाली, माझ्यावर करा. यानं तिला टेबलाला बांधलं, तिच्या हाताची तयारी करण्याचं नाटक केलं आणि तिला कळायच्या आत स्वतःच्याच हाताच्या शिरेत मूत्रविकारासाठी वापरायची नळी 65 सेंटिमीटर आत सरकवली. मग तिला सोडवून, ती नळी तशीच घेऊन जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला आणि फोटो काढून घेतला. टोक हृदयात! याबद्दल त्याला आधी बोलणी बसली आणि 1956 मध्ये नोबेल मिळालं. नळी त्यानं डाव्या हातातून घातली होती. बरोबरच आहे, काम करायला उजवा मोकळा हवा ना. पुस्तक मिटलं तेव्हा माझी भीती गेली नव्हती, पण तिची लाज वाटायला लागली होती.

सकाळी हॉस्पिटलात पाऊल टाकताच आमची दोघांची नावं गेली. मी 'बेड नंबर चार' झालो आणि अडतीस वर्षांच्या संसाराची बायको 'नातेवाईक'. "चार नंबरचे नातेवाईक कोण?" अशी हाक आली की ती पर्स सावरत उठायची. एका मामांनी येऊन माझं मनगट भादरलं आणि मग तोच वस्तरा घेऊन जांघेकडे वळले. मी दचकलो. "हातातून नाही जमलं तर तिकडून," मामा म्हणाले. पर्यायी मार्गाची तरतूद आराखड्यातच असलेली पाहून माझ्यातल्या अभियंत्याला बरं वाटलं, बाकीच्या माझ्याबद्दल तसं म्हणवत नाही. संमतीपत्रात काय काय होऊ शकतं त्याची यादी होती. बायकोनं ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केली. मला म्हणाली, "अहो, अंगठी द्या इकडे." अंगठी निघेना. पुष्कराजाची, चोवीस वर्षांपूर्वीची, आणि बोट तेव्हापासून बरंच सुखावलेलं. शेवटी सिस्टरनं साबण लावून, पिळून पिळून ती काढली. सबंध दिवसात खरं दुखलं ते तेवढंच.

आतली खोली माघातल्या पहाटेसारखी गार. सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड एप्रन. मनगटाला भूल दिल्याचा मुंगीचा चावा, मग हातातून काहीतरी पुढे जातंय अशी पुसट जाणीव, बस्स. दोन मिलिमीटरही जाड नसलेली, मीटरभर लांब नळी कोपर, खांदा करत निघाली होती. माझ्या छातीभोवती एक मोठं यंत्र घारीसारखं घिरट्या घालत होतं. "श्वास घ्या, धरा." डावीकडच्या पडद्यावर काळी शाई सुटल्यासारखं झालं आणि क्षणभर एक निष्पर्ण झाड उमटून विरून गेलं.

झाड इतरांसाठी. मला तो लाभक्षेत्राचा नकाशा दिसला. हृदयातून महाधमनी निघते तिथे, अगदी तोंडाशी, दोनच फाटे निघतात: एक उजवा, एक डावा. खडकवासल्याची हुबेहूब नक्कल! आणि हे पहिले दोन्ही फाटे हृदय स्वतःसाठी घेतं. मेंदू, मूत्रपिंडं, पायाची बोटं, सगळे त्याच्या खाली. हेडचा बागायतदार पहिलं पाणी आपल्या उसाला घेतो, टेलचा शेतकरी कालव्याच्या कोरड्या तळाकडे बघत बसतो; त्या बागायतदारांना मी उभ्या नोकरीत नावं ठेवली. तसला एक माझ्या छातीत चौसष्ट वर्षं बसलाय, हे मला आत्ता कळत होतं.

"इथे थोडं आहे," डॉक्टरांनी डाव्या फाट्यावर बोट ठेवलं. एका जागी काळी रेघ बारीक झाली होती. गाळ. तो मी लांबूनही ओळखतो.

"टेलला पाणी पोचतंय का?" मी झोपल्या झोपल्या विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. नळी थोडी फिरवली, पुन्हा शाई सोडली, शेवटच्या केसाएवढ्या फाट्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पोचतंय, काका."

चाळीस टक्के निघालं. स्टेंटची गरज नाही, गोळ्या आणि चालणं. खात्यातही चाळीस टक्के गाळाला कुणी निधी मंजूर केला नसता. दुर्लक्षाचं काय होतं तेही मला ठाऊक आहे. मी निवृत्त झालो त्याच वर्षी, 2018 च्या सप्टेंबरात, आमचा उजवा कालवा दांडेकर पुलाच्या बाजूला फुटला, वस्तीत पाणी शिरलं आणि आळ आला उंदीर-घुशींवर. (त्यात माझा हात नव्हता, उजवाही आणि डावाही.) म्हणून रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी मी चुकवत नाही.

बाहेर आलो तो मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा. दर थोड्या वेळानं सिस्टर यायची, पिचकारीनं जराशी हवा काढायची, रक्त डोकावतंय का बघायची आणि जायची. दार एकदम उचलायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण आमच्या कित्येक पाटकऱ्यांपेक्षा तिचा हात हलका होता. मला काम एकच, पाणी पीत राहायचं.

संध्याकाळी घरी. उजव्या हातानं वजन उचलायचं नाही, मनगट वाकवायचं नाही आणि काही दिवस स्कूटर नाही. पुण्यात राहून हे ऐकणं हृदयाला कितपत झेपतं, त्याची तपासणी अजून निघालेली नाही. भेटायला येणारे आधी पट्टी बघत. हरभऱ्याएवढा डाग पाहून त्यांचा हिरमोड होई. "एवढंच?" एकानं तर शहाळं आणलं होतं, ते त्यानं परत नेलं नाही एवढंच. तिसऱ्या दिवशी डाग काळानिळा, मग हिरवट, मग पिवळा झाला, तेव्हा कुठे जरा वजन आलं.

खरी पंचाईत जेवणात. आपल्या भाषेनं डाव्या हाताला कधी माणसात घेतलंच नाही. ज्याला बाजूला टाकायचं त्याला आपण डावलतो. ताटातही त्याच्या बाजूला मीठ, लिंबू, लोणचं. त्या हातात चमचा धरून आमटीभात खाताना निम्मा भात बनियनवर. वरच्या वहिनींनी सत्यनारायणाचा प्रसाद आणला, मी डावा हात पुढे केला, तर त्यांनी वाटीच मागे घेतली. आणि भाकरी तर एका हातानं मोडतच नाही. दाबली की सरकते, उचलली की ताटाबाहेर. दोन मिनिटं मी तिच्यामागे ताटभर फिरलो. समोरून एक हात आला, भाकरीचे चार तुकडे झाले, दुधात कुस्करले गेले, वाटी माझ्या डाव्या बाजूला सरकली. बोललं कुणीच नाही. नातेवाईक आपलं पुढचं जेवायला लागल्या.

तुमच्यापैकी कुणाला अँजिओग्राफीची चिठ्ठी मिळाली असेल तर एक करा. अंगठी आदल्या रात्रीच काढा. आमची पुष्कराजाची अजून बायकोच्या पर्समध्येच आहे. बोटात परत जात नाही.