अथपासून डॉट कॉमपर्यंत

स्वतःची वेबसाइट असावी असं माणसाला कधी वाटू लागतं, हे बहुधा ठरलेलं असतं. निवृत्तीनंतरचा दुसरा महिना, पहिल्या कवितासंग्रहाच्या पाचशे प्रतींपैकी साडेचारशे पलंगाखाली गेल्यानंतरची दिवाळी, किंवा चुलतभावाची वेबसाइट आहे असं एखाद्या लग्नाच्या पंगतीत कळल्याची रात्र. यातलं कोणतंही कारण चालेल. पुढचं मार्गदर्शन अशा वाचकांसाठी आहे, ज्यांना यातलं काहीही ठाऊक नाही आणि ज्यांच्या भाच्याला सगळं ठाऊक आहे.

साहित्य: एक लॅपटॉप, इंटरनेट, एक ईमेल पत्ता, त्याचा आठवत असलेला पासवर्ड आणि दोन शनिवार-रविवार. भाचा ऐच्छिक. तो हिंजवडीत एका परदेशी बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या एका बटणाचं काम पाहतो आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षानंतर त्याने वेबसाइटला हात लावलेला नाही. 'मामा, दोन मिनिटांचं काम आहे' असं तो म्हणेल. ते खरंही आहे. ती दोन मिनिटं कोणत्या महिन्यातली, एवढंच तो सांगत नाही.

घरातलं कुणीतरी विचारेल, 'फेसबुक आहे ना, मग हे कशाला?' उत्तर तयार ठेवा: ऑर्कुट. 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं, आणि आपण किती दिलदार मित्र आहोत याबद्दल लोकांनी तिथे लिहून दिलेली प्रशस्तिपत्रकंही गेली. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेलं दुकान त्याच्या मर्जीने उठतं. इतकं बोलून विषय बदलावा.

पायरी पहिली: नाव

वेबसाइटवर लिहायचं काय, हा विचार या टप्प्यावर अजिबात करू नये. तो केला तर नावाला वेळ पुरत नाही. आडनाव पाटील, जोशी किंवा कुलकर्णी असेल तर नुसतं आडनाव मिळण्याची आशा सोडा. जगातलं पहिलं डॉट कॉम नाव, सिम्बॉलिक्स, 15 मार्च 1985 ला नोंदलं गेलं. तेव्हापासून रांग चालू आहे आणि आपण आत्ता पिशवी घेऊन निघालो आहोत. डॉट इन बघा, तिथे अजून थोडी जागा आहे.

मग स्पेलिंग. क्षीरसागरांनी 'आय' एक घ्यायचा की 'ई' दोन, यावर घरात मतदान घेतलं तरी आत्या तिसरंच काहीतरी टाइप करणार. रोमन लिपीत त आणि ट एकच, ण आणि न एकच. त्यामुळे आपल्याला स्पष्ट वाटणारं नाव ऐकणाऱ्याला वेगळंच ऐकू येतं. चाचणी सोपी आहे. मिरजेच्या आत्याला फोन करा आणि नाव एकदाच सांगा. 'मध्ये आडवी रेघ', 'चार आकड्यात, अक्षरात नाही', 'शेवटी दोन ए' असलं काही सांगावं लागलं तर ते नाव बाद. पत्त्याच्या सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा मात्र सांगत बसू नका. त्या नसत्या तरी चाललं असतं, असं वेब ज्यांनी उभं केलं त्या टिम बर्नर्स-ली यांनीच 2009 मध्ये कबूल केलं आहे.

अभिमानी वाचकांना 2014 पासून डॉट भारत हे देवनागरी नावही घेता येतं. जरूर घ्यावं. फक्त संगणक आतल्या आत त्याचं 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रोमन अक्षरांचं भेंडोळं करतो, आणि काही ठिकाणी लिंक चिकटवली की नेमकं तेच भेंडोळं बाहेर डोकावतं. म्हणून जोडीला एक रोमन नाव असलेलं बरं.

नाव विकत मिळत नाही, वर्षांच्या बोलीने मिळतं. डॉट कॉम एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी. 'आयुष्यभरासाठी' असं कुणी म्हणालं तर कुणाच्या आयुष्याबद्दल बोलणं चाललं आहे ते विचारून घ्या.

पायरी दुसरी: होस्टिंग

इथे प्रत्येक मार्गदर्शक घराचा दाखला देतो. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे प्लॉट, एचटीएमएल म्हणजे विटा, सीएसएस म्हणजे रंगकाम. दाखला संपेपर्यंत आपण वास्तुशांतीच्या जेवणापर्यंत पोचतो आणि होस्टिंग म्हणजे काय ते कळलेलं नसतंच. सरळ सांगायचं तर तुमच्या फायली अशा संगणकावर ठेवायच्या, जो कधीही बंद होत नाही. बस. जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत बर्नर्स-लींच्या टेबलावर जगातला असा पहिला संगणक होता. हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. आजच्या अवाढव्य डेटा सेंटरांचा कारभार मुळात त्या चिठ्ठीवरच चालतो.

होस्टिंग विकणाऱ्यांच्या पानावर पहिल्या वर्षाचा दर ठळक असतो आणि दुसऱ्या वर्षाचा दर वाचायला चष्मा लागतो. नवशिक्याने चष्मा लावूच नये, असा प्रघात आहे. सोबत 'सुरक्षा प्रमाणपत्र' निराळे पैसे घेऊन विकायला असतं. ते नसेल तर ब्राउझर पत्त्याशेजारी 'असुरक्षित' असा शेरा मारतो. क्रोमने 2018 पासून ही सवय लावून घेतली आहे. हेच प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था फुकट देते. आणि साध्या, न हलणाऱ्या पानांसाठी गिटहब पेजेस किंवा निओसिटीजसारख्या ठिकाणी होस्टिंगही फुकट मिळतं. पण फुकटच्या गोष्टीवर चारचौघांत तक्रार करता येत नाही, म्हणून अनेकजण पैसे देतात.

पायरी तिसरी: फाइल

आता नोटपॅड उघडा, चार ओळी लिहा आणि फाइलला इंडेक्स डॉट एचटीएमएल असं नाव द्या. विंडोज ती इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी या नावाने ठेवेल आणि शेवटचं शेपूट तुम्हाला दाखवणार नाही. ही विंडोजची जुनी सभ्यता आहे. शेपटं दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती आधी चालू करा.

फाइलवर दोनदा क्लिक केलंत की ब्राउझरमध्ये पान उघडेल. हा क्षण फसवा असतो. पत्त्याच्या जागी सी ड्राइव्हचा मार्ग दिसत असतो, पण आनंदाच्या भरात तिकडे लक्ष जात नाही. तोच मार्ग 'हेच ते, बघा!' असं लिहून बंगळुरूच्या मुलीला पाठवण्याची पद्धत आहे. मुलीकडे तुमचा सी ड्राइव्ह नसतो. ती थोडा वेळ जाऊ देऊन 'छान आहे बाबा' असं लिहिते.

फोटोंची हीच गत होते. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळे दिसतात, सर्व्हरवर चढवले की त्यांच्या जागी मोडकी चौकट. मार्गात सी ड्राइव्ह राहिला आहे का, ते पाहा. नसेल तर अक्षरं पाहा. विंडोजला कॅपिटल जेपीजी आणि स्मॉल जेपीजी सारखेच, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. मोबाइलवरचा फोटो आहे तसा चढवू नका. तो चार-पाच एमबीचा असतो, 1200 पिक्सेल रुंदीला आणला की दोनशे-तीनशे केबीत बसतो. शिवाय मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश फोटोच्या पोटात राहतात. गॅलरीतल्या जास्वंदाचा फोटो टाकून घराचा पत्ता जगाला देण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे.

मराठी वाचकाने या पायरीवर जरा थांबायला हवं. तुमचा मजकूर वीस वर्षांपूर्वी शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टात टाइप केलेला असेल, तर आतमध्ये तो मराठी नाहीच. रोमन अक्षरांनी देवनागरीचे मुखवटे घातले आहेत. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला की मुखवटे गळतात आणि तुमचं आत्मचरित्र मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतं. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावाच लागतो. आणल्यावर र्‍हस्वदीर्घ तपासा, कन्व्हर्टर रफार हमखास भलत्याच अक्षरावर ठेवतो.

मजकूर युनिकोडमध्ये असूनही पानभर डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले रोमन 'ए' दिसले, तर फाइल यूटीएफ-8 आहे हे ब्राउझरला सांगायचं राहिलं आहे. ती कॅरसेटची एक ओळ अगदी वर, हेडच्या सुरुवातीलाच हवी. त्याच्याही वर, एचटीएमएल टॅगमध्येच, भाषा 'एमआर' आहे असं लिहा. एकतर दृष्टिहीन वाचकांचं यंत्र मग मजकूर मराठी म्हणून वाचतं. दुसरं, ज्या फॉन्टांत तशी सोय आहे, त्यांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न उमटता आपल्या बालभारतीच्या वळणाचे उमटतात. या एका सूचनेसाठी हा सगळा लेख माफ व्हावा.

पायरी चौथी: सजावट

वर सरकती पट्टी, खाली 'आपण अमुकावे पाहुणे आहात' असा आकडा, मध्ये 'काम चालू आहे' ही पाटी आणि फावडं मारणारा छोटा माणूस. 1990च्या दशकात जिओसिटीजवर सगळ्यांची पानं अशीच होती. ती हौस आज पुरवायची असेल तर आकड्याबद्दल एक सांगून ठेवतो. तो वाढताना दिसतो तेव्हा पान रीफ्रेश करणारे तुम्हीच असता, उरलेले गूगलचे यंत्रमानव. फावडं मारणारा माणूस मात्र लावूच नका. एकदा बसला की उठत नाही.

रंग दोन पुरेत. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला मुक्त हा फॉन्ट फुकट मिळतो आणि वाचायला चांगला आहे. व्ह्यूपोर्टची एक ओळ घाला. ती नसेल तर मोबाइल तुमचं पान सुमारे 980 पिक्सेल रुंद समजतो आणि आकसून मुंगीच्या अक्षरात दाखवतो.

वर्डप्रेस वापरणार असाल तर तयार थीम मिळेल. जगातल्या दर दहा वेबसाइटांपैकी चारांहून अधिक त्याच्यावरच चालतात. थीमसोबत लॅटिनसारखा दिसणारा नमुन्याचा मजकूर येतो, तो काढायला विसरू नये. 'लोरेम इप्सम' ही सिसेरोच्या ग्रंथाची मोडतोड आहे. बऱ्याच मराठी वेबसाइटांवर 'आमची सेवा' या मथळ्याखाली बिचारा सिसेरोच अजून सेवा देतो आहे.

पायरी पाचवी: मजकूर

आता नाइलाज आहे. नाव झालं, जागा झाली, रंग झाले, पान कोरंच. परंपरेनुसार इथे 'माझ्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत' असं लिहितात आणि मग 'परिचय'. परिचय स्वतःच लिहायचा, पण तिसऱ्याने लिहिल्यासारखा: 'बालपणापासूनच त्यांना वाचनाची आवड होती. विविध पुरस्कारांनी सन्मानित.' पुरस्कार कोणते ते लिहीत नाहीत. सोबत फोटो, शक्यतो कुणाच्या तरी लग्नातला, बाजूच्याचा खांदा कापलेला.

हे सगळं वगळलं तरी काही बिघडत नाही. सर्नमधली जगातली पहिली वेबसाइट फोटो, रंग, काही नसलेली होती. नुसता मजकूर आणि दुवे, तेही वेब म्हणजे काय एवढंच सांगणारे. तिचं जुनं रूप तिच्या मूळ पत्त्यावर आजही वाचता येतं. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेची वेबसाइट बघा. एवढी मोठी कंपनी, पण पहिल्या पानावर दुव्यांची साधी यादी. भाच्याने केलेली म्हणून दाखवलीत तर घरात वाद होईल. पण लोकांना जे हवं असतं ते, म्हणजे बफे यांची भागधारकांना लिहिलेली वार्षिक पत्रं, तिथे एका क्लिकवर मिळतं.

तेव्हा तुमच्याजवळ काय आहे ते लिहा. एसटीत तीस वर्षं कंडक्टरी केली असेल तर घाटात कोणत्या बाजूचे प्रवासी आधी खिडकी मागतात, ते लिहा. गावातल्या विहिरींची नावं आणि त्या कुणी खणल्या त्याच्या गोष्टी लिहा. आईच्या गोड्या मसाल्याचं प्रमाण वाटीच्या मापासकट लिहा, 'अंदाजे' हा शब्द न वापरता. असं एक पान इंडेक्स डॉट एचटीएमएल म्हणून चढवलं की वेबसाइट झाली. चार पायऱ्या आधी एका दुपारी हेच करता आलं असतं, पण मार्गदर्शन इतकं आखूड असलं तर ते कुणी छापत नाही.

पायरी सहावी: प्रसिद्धी

लिंक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. सात अंगठे येतील, न उघडता. एक आत्या 'निवांत वाचते' म्हणेल. तिच्यावर विश्वास ठेवा, ती खरंच वाचते आणि विहिरीच्या मालकाचं नाव चुकलं असेल तर फोन करते. गूगलवर लगेच नाव शोधू नका. यंत्रमानवाला तुमच्यापर्यंत पोचायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर सगळ्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. जिओसिटीज याहूने 1999 मध्ये विकत घेतलं आणि 2009 मध्ये बंद केलं. ज्यांची एकुलती एक प्रत तिथेच होती, त्यांची पानं बघता बघता गेली.

आणि नाव नोंदवलंत त्याच दिवशी नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयवर लिहा. मुदत संपल्यावर डॉट कॉम नाव काही दिवस सवलतीत राहतं, मग 30 दिवस ते जादा दंड भरूनच सोडवता येतं, आणि त्यानंतर 5 दिवसांनी ते जगात कुणालाही घेता येतं. नोंदणीला दिलेलं बँकेचं कार्ड मधल्या काळात बदललं असेल तर नवा नंबर आजच भरून ठेवा.